खेळायचा कोपरा चार दिवसांत मोडतो, त्याचं काय करायचं?

रविवारी घर आवरायचं, खिडकीखालचा कोपरा रिकामा करायचा, रंगीत चटई अंथरायची, खेळणी टबात नीट भरून ठेवायची. सोमवारी घरात आल्यावर बरं वाटतं. बुधवारी चटईवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग येतो. गुरुवारी ठोकळे स्वयंपाकघरात पायाखाली येतात. शनिवारी रात्री आजी पाणी प्यायला उठतात आणि अंधारात लाकडी गाडीवर पाय पडून पडता पडता वाचतात. मग पुन्हा रविवार, पुन्हा तोच कोपरा.

आमच्याकडे हे रहाटगाडगं जवळजवळ पाच महिने चाललं. मुंबईत छोट्या घरात लहान मूल असलेल्या ज्या ज्या मैत्रिणीशी बोलले, तिच्याकडे हीच तऱ्हा. सगळ्यांना वाटतं, आपल्याला शिस्त नाही किंवा आपलं घरच इतकं लहान की उपाय नाही. दोन्ही खरं नाही. कोपरा मोडतो त्याला ठरावीक कारणं आहेत, ती एकेक करून शोधता येतात आणि दुरुस्त करता येतात.

आधी आमचं घर सांगते, म्हणजे मी कशाबद्दल बोलते आहे ते कळेल. विक्रोळीचं कन्नमवार नगर, म्हाडाची जुनी इमारत, दुसरा मजला. बाहेरची खोली १० बाय ११, स्वयंपाकघर ७ बाय ८. माणसं चार: आम्ही दोघं, सासूबाई आणि आमची लेक. मी हा उद्योग सुरू केला तेव्हा ती २० महिन्यांची होती. नवऱ्याला आठवड्याआड रात्रपाळी, म्हणजे एक आठवडा तो दिवसा याच खोलीत झोपतो. यापेक्षा लहान घरंही मुंबईत भरपूर आहेत. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत आधी २२५ चौरस फुटांची घरं मिळायची, मग २६९, नंतर ३००. पुढचं सगळं त्या घरांनाही लागू आहे.

पहिली तपासणी: खडू

काहीही विकत घ्यायच्या आधी, काहीही हलवायच्या आधी, हे करा. एक पांढरा खडू घ्या आणि आठवडाभर, मूल जिथे बसून खेळेल तिथे जमिनीवर एक फुली मारा. धावता धावता थांबलं तर नाही, बसून दोन-तीन मिनिटं तरी हातात काही धरून रमलं तर. लादी पुसताना फुल्या जातील, म्हणून रात्री पुसायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मी हे केलं आणि माझे डोळे उघडले. आठवड्यात साठेक फुल्या झाल्या. त्यातल्या मी हौसेने सजवलेल्या खिडकीखालच्या चटईवर फक्त पाच. निम्म्याहून जास्त फुल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागून, बाहेरच्या बाजूला. तिथे बसलं की ओट्याशी उभी असलेली मी दिसते. उरलेल्यांतल्या बऱ्याच सासूबाईंच्या खुर्चीच्या पायाशी. काही वॉशिंग मशीनसमोर, कारण ते फिरतं. खिडकीखालच्या पाच फुल्यासुद्धा मी तिथे कपड्यांच्या घड्या घालत बसले होते, त्या वेळच्या.

म्हणजे लेक जागा बघून खेळत नव्हती, माणूस बघून खेळत होती. दीड-दोन वर्षांचं मूल असंच असतं. दोन पावलं दूर जातं, मागे वळून बघतं, आपण दिसलो की पुन्हा खेळाला लागतं, नाही दिसलो की खेळणं उचलून आपल्याकडे येतं. आपण खेळणी पुन्हा कोपऱ्यात नेऊन ठेवतो, ते पुन्हा घेऊन येतं. आपण म्हणतो पसारा करते. ती बिचारी आपला खेळ आपल्याजवळ आणत असते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ मध्ये बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना तिथून रुजली. आपल्या दहा बाय अकराच्या खोलीतही तेच करायचं आहे. मूल कोपऱ्यात येत नसेल तर कोपरा मुलाकडे न्यायचा.

आम्ही खिडकीखालचा कोपरा सरळ रद्द केला. त्याऐवजी दोन लहान जागा ठरवल्या. एक उंबऱ्याबाहेर, साधारण अडीच फूट बाय तीन फूट. दुसरी सासूबाईंच्या खुर्चीसमोर. उंबऱ्याच्या आत मात्र अजिबात नाही. स्वयंपाकघरात गरम तेल असतं, कुकर असतो, वर हात घालून कढई ओढायचं हेच वय. उंबऱ्यावर दीड-पावणेदोन फूट उंचीची प्लायची फळी दोन बाजूंच्या खाचांत सरकवता येईल अशी सुताराकडून करून घेतली. पोळ्या करताना फळी लावली की ती तिकडे आणि मी इकडे, एकमेकींना दिसतो. मोठ्या माणसाला ती ओलांडता यायला हवी, पण सासूबाईंना नाही जमत, म्हणून त्या आत येताना फळी काढायची. ओलांडायचा प्रयत्न त्यांनी करायचा नाही, हे आम्ही दोघींनी ठरवून टाकलं आहे.

जागा किती आहे यापेक्षा सलग किती आहे, ते बघा

फुल्या कुठे ते कळलं, पण तिथे जमीन मोकळी हवी ना. इथे बहुतेकजण सामान कमी करायला लागतात आणि थकतात. सामान कमी करणं चांगलंच, पण आधी टेप घेऊन मोजा.

लहान मूल पाय पसरून बसलं आणि भोवती चार वस्तू मांडल्या की ३ बाय ३ फूट लागतात. गाडी ढकलायला सरळ ५-६ फुटांची पट्टी लागते. एवढंच. आमच्या खोलीत रिकामी जमीन मोजली तर चाळीस चौरस फुटांच्या आसपास भरली, म्हणजे पुरेशी होती. पण ती होती तुकड्यातुकड्यांत: सोफ्यासमोर दीड फुटाची पट्टी, टीव्हीसमोर दोन फुटांची, दाराजवळ थोडी, कपाटासमोर थोडी. या सगळ्या पट्ट्यांच्या मधोमध टीपॉय.

टीपॉय ३ बाय दीड फुटाचा, म्हणजे जागा खातो फक्त साडेचार चौरस फूट. पण तो काढला तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूच्या पट्ट्या जोडल्या गेल्या आणि ५ बाय ६ चा सलग चौक मिळाला. नवऱ्याने रिकाम्या जागेत उभं राहून दोन्ही हात पसरले, लेकीनेही पसरले. या घरात एवढी जागा आहे हे आम्हाला चार वर्षांत कळलं नव्हतं. पाहुण्यांच्या चहासाठी भिंतीला बिजागरीची घडी होणारी फळी लावली. टीव्ही भिंतीवर चढवला, खालचं युनिट नणंदेकडे गेलं.

तुमच्याकडे टीपॉय नसेल, तर दुसरं काहीतरी असेल जे कमी जागा खाऊन मोठी जागा तोडतं: मधोमध ठेवलेला मोढा, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत, तिरका ठेवलेला पंखा. घरातलं सगळ्यात मोठं सामान नाही, ही मधे येणारी वस्तू शोधा.

मोजताना दोन जागा सोडून द्यायच्या. दार उघडतं तेवढा अडीच फुटांचा अर्धवर्तुळाकार भाग, कारण दारामागे बसलेलं मूल बाहेरून येणाऱ्याला दिसत नाही. आणि रात्री संडास-बाथरूमकडे जायची दोन फुटांची वाट. घरात वयस्कर माणूस असेल तर या वाटेवर खेळण्यांना जागा द्यायची नाही. आम्ही ती वाट रंगीत टेपने आखून घेतली. महिन्याभरात लेकसुद्धा टेपच्या अलीकडे गाडी थांबवायला लागली.

सामान बाहेरच्या कॉमन पॅसेजमध्ये ढकलायचा मोह होईल, कारण सगळा मजला तेच करतो. करू नका. आग लागली तर त्याच वाटेने खाली उतरायचं असतं, आणि धुरात चपलांचं कपाटसुद्धा आडवं येतं.

भिंतीकडे सरकवलेल्या कपाटाचंही एक काम उरतं. लोखंडी कपाट, पुस्तकांचा रॅक, ड्रॉवरचं टेबल, सगळं भिंतीला अँगलने पक्कं करा. मूल खालचे ड्रॉवर उघडून त्यांच्या पायऱ्या करतं आणि सगळा भार पुढे येतो. जुन्या इमारतींत प्लास्टर जाड आणि भुसभुशीत असतं. खिळा नुसता प्लास्टरमध्ये राहिला तर तो दिखाऊच. ड्रिलमधून विटेचा लाल भुगा येईपर्यंत भोक खोल गेलं पाहिजे. स्क्रू दोन तरी हवेत.

कोपऱ्यात कपड्यांचा ढीग जमतो

मुंबईच्या घरात जमीन रिकामी दिसली की संध्याकाळपर्यंत तिला काम लागतं. पावसाळ्यात तर जून ते सप्टेंबर कपडे घरातच वाळतात, ओल्या छत्र्या, रेनकोट, सगळं आत. खेळायची जागा कायमची राखीव ठेवू म्हटलं तर ती टिकत नाही, आणि ती टिकली नाही की आपलीच चिडचिड होते. आम्ही खूप दिवस हीच चूक केली. इतक्या लहान घरात जागा राखायची नाही, वेळ राखायची.

आमच्याकडे सकाळी ९ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते साडेसात तो ५ बाय ६ चा चौक लेकीचा. त्या वेळात तिथे घड्या नाहीत, भाजी निवडणं नाही. बाकी वेळ तीच जागा सगळ्यांची: जेवायची, कपड्यांच्या स्टँडची, रात्री गाद्या घालायची. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी नवरा झोपलेला असतो, तेव्हा सकाळचा चौक बंद आणि उंबऱ्याजवळची छोटी जागा चालू. हे वेळापत्रक कागदावर लिहून फ्रिजला लावलं आहे. वाचता येणारी आम्ही तिघंच, पण तिघांना ते लागतं. आता ढीग आला तर तो पाच वाजता उचलायचाच, हे माहीत असल्यामुळे ढीग येणंच कमी झालं.

वेळ सुरू झाली हे मुलाला कळायला खूण हवी. आमची खूण गोधडी. सासूबाईंच्या नऊवारी लुगड्यांची, त्यांच्या आईने शिवलेली. गोधडी अंथरली की खेळ, गुंडाळली की खेळ संपला. लेक आता पाच वाजायला आले की गोधडीचं टोक धरून ओढत आणते.

गोधडीचं मी मुद्दाम सांगते, कारण आधी आमच्याकडे फोमच्या जोडायच्या चटया होत्या. त्यांच्या मधली अक्षरं सुटी होतात आणि थेट तोंडात जातात. कडा चावून चावून फोमचे तुकडे पडतात. पावसाळ्यात खाली दमटपणा धरतो. एकदा उचलली तर खाली झुरळं आणि कुबट वास. फोमच हवा असेल तर अखंड, घडीचा घ्या आणि रोज उचलून उभा करून ठेवा. गोधडी, सतरंजी, जाड चादर यांना धुता येतं. फक्त गुळगुळीत लादीवर त्या सरकतात. खाली घसरू नये म्हणून मिळणारी रबरी जाळी टाका, मीटरवर कापून मिळते.

सगळी खेळणी एकदम उपडी करते आणि निघून जाते

या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त छळलं. टब भरून ठेवला की लेक तो दोन्ही हातांनी धरून उलटा करायची, सगळं सांडायचं, त्यातलं एक उचलायची आणि दुसरीकडे जायची. मी तिला रागावले आहे यावरून, आणि त्याचं मला आज वाईट वाटतं.

उत्तर सासूबाईंनी शोधलं. त्या खुर्चीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, तिला तळातलं दिसत नाही. उपडा केल्याशिवाय तिला कळणार कसं, आत काय आहे ते?" मी टबाजवळ गुडघ्यांवर बसून तिच्या उंचीवरून पाहिलं. खरंच, काठाच्या वर फक्त अस्वलाचा एक कान दिसत होता. तिला हवा असलेला लाल पेला तळाशी होता. तिच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता.

त्या दिवशी खेळणी खोल टबातून काढून परातीत ठेवली. साधी पोळ्यांची कणीक मळायची मोठी परात. काठ चार बोटं उंच, सगळं एका नजरेत दिसतं. तिने परात एकदाही उपडी केली नाही. तुमच्याकडे परात नसेल तर बुट्टी, पसरट टोपली, पुठ्ठ्याच्या खोक्याचं कापलेलं झाकण, काहीही चालेल. फक्त काठ चार-पाच इंचांच्या वर नको. आंब्याची लाकडी पेटी मात्र टाळा, तिचे खिळे आणि कुसळं हाताला लागतात.

परातीत मावेल तेवढंच खाली, बाकी वर. हे प्रमाण आम्हाला आपोआप मिळालं, पण त्याला आधारही आहे. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक मुलाला एकदा ४ खेळणी दिली, एकदा १६. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच वस्तूशी जास्त तऱ्हांनी खेळली. म्हणजे लहान घर इथे आडवं येत नाही. कमी खेळणी बाहेर ठेवणं मुलाच्याच फायद्याचं आहे.

उरलेल्या खेळण्यांसाठी तीन कापडी पिशव्या, दारामागच्या वरच्या खिळ्यांना टांगलेल्या. रविवारी एक पिशवी खाली येते, परातीतलं तिच्या जागी वर जातं. तीन आठवड्यांनी परत आलेला बिनतोंडी माकडाचा खुळखुळा लेकीला अगदी नवा वाटतो. कोरं खेळणं आणल्यावर होतो तेवढाच आनंद होतो, आणि खर्च शून्य.

आता भेटींचं. बारसं, बोरन्हाण, पहिला वाढदिवस, या तीन प्रसंगांत घरात इतकी खेळणी येतात की वर्षभर आणावी लागत नाहीत. त्यातली निम्मी बसून चालवायच्या गाडीएवढी मोठी. प्रेमाने आणलेली असतात, नाही म्हणवत नाही. आम्ही आता आधीच सांगतो: काही आणायचंच असेल तर परातीत मावेल असं आणा, किंवा तिला अर्धा तास बागेत घेऊन जा. कुणालाही राग आलेला नाही. मावशी दर गुरुवारी येतात आणि बागेत नेतात, लेक त्यांची वाट बघते. मोठ्या वस्तूंसाठी आमच्या विंगमधल्या तीन घरांनी मिळून एक व्यवस्था केली आहे. एक तीनचाकी, एक घसरगुंडी, एक घोडा. महिन्यातून एकदा घर बदलतं. प्रत्येक घरात एका वेळी एकच मोठी वस्तू.

वर ठेवायच्या आणि कायमच्या दूर ठेवायच्या गोष्टी यांत फरक करा. सासूबाईंनी हौसेने स्वतःचे सागरगोटे काढून दिले होते, ते आम्ही लेक चार वर्षांची होईपर्यंत परत त्यांच्याकडेच ठेवले. किचन टिश्यूच्या रोलची पुठ्ठ्याची नळी घ्या. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती पडणारी जी वस्तू त्या नळीतून आरपार जाते, ती घशात अडकू शकते. गोट्या, चिंचोके, भातुकलीतली इवलीशी पळी, सगळं या चाचणीत नापास होतं. भातुकलीतली मोठी पातेली, वाट्या, पोळपाट चालतात, आणि आमच्या लेकीचं सगळ्यात आवडतं खेळणं तेच. बटणाएवढ्या चपट्या सेलची खेळणी असतील तर सेलचं झाकण स्क्रूने बंद आहे का ते बघा. असा सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, तेव्हा वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं. आणि अब्दुल रहमान स्ट्रीटवरून घ्या की मॉलमधून, आयएसआय चिन्ह बघून घ्या. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ते सक्तीचं आहे.

पाणी आणि खिडकी

जागा बदलताना आपण सामान हलवतो आणि त्यात एखादी नवी धोक्याची जागा तयार होते. दोन गोष्टी काम संपल्यावर पुन्हा बघा.

आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं, त्यामुळे मोरीत बादल्या आणि पिंप कायम भरलेले. लहान मुलाचं डोकं जड असतं. वाकून तोल गेला की ते आपलं आपण बाहेर येऊ शकत नाही, आणि बुडताना ओरडतही नाही. चार बोटं पाणीसुद्धा पुरतं. पिंपाला घट्ट झाकण, बादली वापरून झाली की उपडी, मोरीच्या दाराला बाहेरून उंचावर कडी. खेळायची जागा मोरीच्या दारासमोर येत असेल तर ती बदला, कितीही सोयीची वाटली तरी.

दुसरं, खिडकी. मधली जमीन मोकळी करायला सोफा खिडकीला लावणं सगळ्यात सोपं असतं. आम्हीही लावला आणि तिसऱ्या दिवशी लेक सोफ्याच्या पाठीवर उभी राहून ग्रिलला धरून खाली बघत होती. माझ्या पायातलं बळ गेलं. सोफा त्याच संध्याकाळी उलट भिंतीला गेला. ग्रिल आहे म्हणून निश्चिंत राहू नका. बाहेर आलेल्या पेटीसारख्या ग्रिलमध्ये मूल चढून बसतं, आणि जुन्या ग्रिलचे गज खालून गंजलेले असतात. हाताने हलवून बघा.

धावायला जागा नाहीच

हे मात्र मान्य करायचं. धावणं, उड्या मारणं, घसरणं हे १० बाय ११ मध्ये होणार नाही, आणि ते झालं नाही की मूल संध्याकाळी तीच ताकद कपाटाच्या दारांवर काढतं. कोपरा वारंवार मोडतो याचं हेही एक कारण असतं, जे घरात शोधून सापडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये लहान मुलांसाठी जे मार्गदर्शन दिलं, त्यात एक ते दोन वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी असं म्हटलं आहे. प्रॅममध्ये किंवा उंच खुर्चीत एका वेळी एक तासाहून जास्त अडकवून ठेवू नये, असंही. तीन तास म्हणजे खूप वाटतात, पण चालणं, चढणं, नाचणं सगळं त्यात धरतात.

सासूबाई नायगावच्या बीडीडी चाळीत वाढल्या. १६० चौरस फुटांची खोली, त्यात नऊ माणसं. मी विचारलं, तुम्ही खेळायचात कुठे? त्यांना प्रश्नच कळला नाही. सगळा पॅसेज त्यांचा, सगळ्यांची दारं उघडी, कुणाचंही मूल कुणाच्याही उंबऱ्यावर. आता पुनर्विकासात तिथे ५०० चौरस फुटांची घरं मिळतात आणि त्याचा मला आनंदच आहे. नऊ माणसांनी १६० फुटांत राहावं असं कुणीच म्हणणार नाही. पण तो पॅसेज आपल्याला आपल्या मजल्यावर वेगळ्या तऱ्हेने उभा करावा लागतो. आम्ही समोरच्या घराशी ठरवलं: संध्याकाळी सहा ते सात दोन्ही दारं उघडी, दोन्ही घरांतला एकेक माणूस दारात खुर्ची टाकून, जिन्याच्या तोंडाशी कुणीतरी बसलेलंच. दोन मुलं या घरातून त्या घरात पळतात. आमचं घर एका तासासाठी दुप्पट होतं, त्यांचंही.

पावसाळ्याच्या दिवसांत गाद्या कामाला येतात. एक गादी दुमडून डोंगर, लोड आडवे टाकून नाले, चढायचं आणि उतरायचं. खालच्या मजल्यावरच्या काकांना दुपारी दोन ते चार झोपायचं असतं, हे मी जाऊन विचारून आले. त्या वेळात डोंगर नाही. विचारल्यापासून त्यांनी छतावर काठी आपटणं बंद केलं आहे, आणि परवा लेकीला पेरू देऊन गेले.

आवरणं

गाद्या घालायच्या दहा मिनिटं आधी. "पाखरं घरट्यात" म्हटलं की लेक एकेक वस्तू उचलून परातीत टाकते, मी गोधडी गुंडाळते. सगळं एका परातीत मावत असल्यामुळे यापेक्षा जास्त वेळ लागतच नाही. मावलं नाही तर काहीतरी वरून खाली आलं आहे, ते शोधून परत पिशवीत. मुलाने सगळं आवरावं ही अपेक्षा या वयात करू नका. सातपैकी तीन वस्तू तिने टाकल्या तरी पुष्कळ झालं. परात रात्री सोफ्याखाली सरकते.

ही मांडणी आमच्याकडे सहा महिने टिकली, आणि मग पुन्हा ढासळायला लागली. ठोकळे पुन्हा भलत्याच ठिकाणी सापडू लागले. मी आधी निराश झाले, मग पुन्हा खडू काढला. लेक आता सव्वीस महिन्यांची आहे. या वेळी उंबऱ्याजवळ मोजक्याच फुल्या होत्या. बहुतेक सगळ्या शिवणाच्या मशीनच्या टेबलाखाली आणि तांदळाच्या डब्यामागच्या फटीत. आता तिला मी दिसायला नको आहे. तिला लपायचं आहे, बाहुलीला झोपवायचं आहे, आत कुणाला येऊ द्यायचं नाही.

काल तांदळाचा डबा ओट्याखाली हलवला, मशीनची वायर वर गुंडाळून बांधली, टेबलाच्या कडेला माझी जुनी ओढणी पडद्यासारखी लावली. परात आत सरकते का ते टेपने मोजलं. अर्धा इंच राखून सरकते.